कळ न लागणारी भाची

भाचीचे कान टोचले तेव्हा ती हसली. सोनार चपापला. आम्ही मात्र पोर लई धीराची निघाली म्हणून गल्लीभर पेढे वाटले. वडगावातल्या आम्हा विणकरांची अक्कल ती एवढीच! पुढं रांगताना तिनं तापलेल्या तव्यावर हात ठेवला आणि तशीच खेळत राहिली. करपल्याचा वास आला म्हणून भावजय धावली.

बेळगावातल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. बाळ पोटात असताना वेदना पोचवणारे मज्जातंतू तयार होतात आणि त्यांना जगायला वाढीचं एक द्रव्य लागतं. प्राण्यांमध्ये ते जन्माआधी अडवलं, तर हे तंतू मरून जातात. हिच्या अंगात द्रव्य होतं, पण तंतूंना ते घेताच येत नव्हतं. म्हणून दुखणं नाही; आणि घाम आणणारे तंतूही त्याच द्रव्यावर जगतात, म्हणून घामही नाही.

"म्हंजे माझ्या पोटात काय कमी पडलं का?" भावजयीनं विचारलं.

"तुमचं काहीच चुकलेलं नाही."

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण माझ्या आईनं ग्रहणाचा विषय काढायला तोंड उघडलंच होतं.

ज्याला कळ लागत नाही ते मूल साध्या जखमेनंही हातचं जाऊ शकतं, ही भीती त्या दिवसापासून घरात राहायला आली. भावजयीनं त्यावर आपल्याच कामातली रीत काढली. मागावरून उतरलेली साडी आम्ही उजेडात धरून तळहातानं चाचपतो, कुठं तार तुटली का बघायला. तशी ती रोज संध्याकाळी पोरीला तपासायची. ओठ, जीभ, बोटांच्या बेचक्या, तळपाय. घाम नाही म्हणून अंग तापू नये, यासाठी उन्हाळ्यात तिच्या अंगावर ओला पंचा टाकायची. शेजारणी हसायच्या, हिनं कधी वळून पाहिलं नाही. तिच्या जागी मी असते तर आठवड्यात हात टेकले असते. वर ती पोरीलाही शिकवायची, "दुखायची वाट बघू नको गं. डोळ्यानं बघ."

परवा शाळेच्या मधल्या सुट्टीत पोर लंगडी घालत घरी आली.

"आई, पायात काच गेलीया. दुखत न्हाय, पण रगत हाय. मीच बघितलं."

भावजयीनं माग बंद केला, काच काढली, पाय धुऊन पट्टी बांधली. मग पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"जगंल गं माझी पोर," ती मला म्हणाली, "माझ्या माघारी बी जगंल."