गरजेपुरती नर्स

रोहिणी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या मुलांना भूमिती शिकवत होते. युद्ध सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सीमेजवळच्या लष्करी रुग्णालयावर तोफगोळा पडला आणि जखमी जवानांना आत हलवता हलवता माझी धाकटी बहीण गेली. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "माझी बहीण गेली रे... आर्मीत डॉक्टर होती." त्या क्षणीही माझी जीभ खोटंच बोलली. डॉक्टर नव्हती ती, नर्स होती. मेजर होती, पण नर्स. तो 'पण' अजून माझ्या तोंडून जात नाही, बघा.

आम्ही विश्रांतवाडीतल्या दोन खोल्यांत वाढलो. ती नर्सिंगला निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "लोकांचं हागणं-मुतणं काढायला शिकवलं का तुला?" ती हसून म्हणाली, "कुणीतरी काढायलाच हवं ना, बाबा!" मी भाजी निवडत राहिले. लग्न होऊन कोथरूडला आले, तिथं कुणी विचारलं की सांगायची, "बहीण आर्मीत असते, मेडिकलला." लोक डॉक्टर समजायचे, मी समजू द्यायची. तिला बघायला मंडळी आली तीही माझ्याच घरी. मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं, "स्पेशलायझेशन कशात हो?" मी पोह्यांचा आग्रह करायला धावले, तर ही शांतपणे म्हणाली, "मी नर्स आहे." आत्याबाईंनी बशी खाली ठेवली ती ठेवलीच. मंडळी गेल्यावर मी केवढी डाफरले! "जीभ आवरता येत नव्हती तुला?" ती बश्या गोळा करत होती. म्हणाली, "ताई, तुला माझी लाज वाटते का गं?" मी म्हटलं, "छे, काहीतरीच तुझं..." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि गरज पडली तेव्हा? गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी पहिला फोन कुणाला केला? होती नव्हती ती सगळी रजा घेऊन रोहिणी आली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, भरवायची, सगळं तिनं केलं आणि मलाही शिकवलं. एकदा शेजारच्या काकू बघायला आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर असून किती करतेस गं!" रोहिणीच्या हातात बेडपॅन होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पडदा सरकवायला खिडकीकडे वळले. मग ती मोरीकडे गेली.

महिन्याभरानं सोसायटीनं शोकसभा ठेवली. सेक्रेटरी फ्लेक्सचा मजकूर घेऊन आले, 'डॉ. मेजर रोहिणी'. "बघून घ्या, नंतर तक्रार नको." मी बघितला आणि हो म्हटलं. सभेला साताऱ्याकडचा एक जवान कुबड्या घेऊन आला होता. तो म्हणाला, "शुद्धीवर आलो तवा सिस्टर माझ्या नावानं हाका मारत हुत्या. घाबरू नको, मी हाय, म्हनल्या." माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरी माझ्या कानाशी कुजबुजले, "सगळ्यांनाच सिस्टर म्हणत असतील हो हे लोक." आणि मी मान डोलावली. तो पोरगा कुबड्यांवर एवढ्या लांबून आला होता, आणि मी मान डोलावली!

काल सेक्रेटरींना गाठून सांगितलं, फ्लेक्स उतरवा, माझी बहीण नर्स होती. ते म्हणाले, "मग इतकी वर्षं काय तोंडात गुळणी धरली होती?"  आता मी लिहिलेलं हे छापून आलं की उरलेल्यांनाही कळेल. कळू दे.

घरी येऊन सासूबाईंची कूस बदलायला गेले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, शिकवल्याप्रमाणे. रोहिणी गेल्याचं त्यांना तीनदा सांगितलंय, लक्षात राहत नाही. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "रोहिणी का गं?"

"नाही आई, मी आहे."

"मग हळू," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातानं दुखतं."