विहिरीवर धाडलेली मुलगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? एक तर तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं असं, की अजूनही वर्षातून एखादा सत्कार होतो, कुणीतरी अंगावर शाल घालतं आणि तीच ती गोष्ट सांगतं. मी मान खाली घालून ऐकत बसते. लोकांना वाटतं, बाई किती नम्र. कपाटात आता शालींना जागा उरली नाही, तरी मी गप्पच.

तर ऐका. पण जरा मागून सुरुवात करू द्या — एकदम सांगायला जमायचं नाही.

निजामी संपायला तेव्हा चार-पाच वर्षं असतील. मी लातूरची, लग्न होऊन नांदेडला आलेली. नवरा स्टेशनात मालबाबू. स्टेशनाच्या मागं पेरूची बाग होती आणि बागेत एक बैठा बंगला. तिथं सकीना आपांनी लहान मुलांची शाळा काढली होती. आपा हैदराबादच्या. विलायतेला जाऊन, मुलांना कसं शिकवावं हे शिकून आलेल्या. त्यांच्या शाळेत कुणाचं मूल नव्हतं? रेल्वेमुळं आलेली तेलुगू होती, तमिळ होती, गोव्याची होती. गुरुद्वाऱ्याकडची पंजाबी होती. गावातली मराठी आणि उर्दू बोलणारी तर होतीच. शिवाय पुलाचं काम बघायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरची दोन पोरं. गावानं चेष्टेनं नाव ठेवलं होतं — दुनियाभरची शाळा. आपांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी पाटीच तशी रंगवून घेतली.

मी तिथं मराठी शिकवायला लागले. सातवी पास होते, तेवढं तेव्हा पुरे होतं.

शाळा तरी कशी म्हणता? छडी नाही. पहिला नंबर, शेवटचा नंबर, काही नाही. सकाळी सगळे गोल करून बसायचे आणि आपा विचारायच्या, आज कुणाला कसला प्रश्न पडलाय? प्रश्न मुलांनी विचारायचे, आम्ही नाही. एकदा इंजिनिअरच्या धाकट्यानं विचारलं, बैल झोपला की त्याची शेपटीपण झोपते का? झालं. दुपारी सगळी शाळा गोठ्यात, तोंडावर बोट ठेवून, बैल झोपायची वाट बघत. बैल काही झोपला नाही. तीन पोरं मात्र झोपली.

एक विषय हाती घेतला की महिनोन् महिने तोच. त्या वर्षी ‘पाणी’ होतं. पाण्याला किती भाषांत काय म्हणतात, इथून सुरुवात. मग गोदावरीचं गढूळ पाणी आणून गाळा, उकळा, तुरटी फिरवा, खाली काय बसतं बघा. गणित त्यातच, भाषा त्यातच, चित्रं त्यातच. प्रत्येक मुलाची एक वही असायची, पण मार्कांची नव्हे. काल काय येत नव्हतं आणि आज काय येतंय, ते आम्ही तिच्यात लिहायचं. आपांचं एकच सांगणं, “बच्चे को नक्को पूछो कितना आता. वो करता क्या है, देखो.”

मला ते पटलं होतं का? तोंडानं पटलं होतं. मी स्वतः छडीखाली शिकलेली. घडाघडा बोलणारं मूल हुशार आणि अडखळणारं मूल मठ्ठ — मनात खोल हेच बसलेलं. आपांच्या समोर मी मान डोलवायचे. वहीत छान छान लिहायचे.

आणि शेवंता अडखळायची.

शेवंता नऊ वर्षांची. बागेला पाणी द्यायला तिचा बाप लक्ष्मण विहिरीवर मोट हाकायचा. देवणीहून आणलेली बांडी बैलजोडी होती त्याच्याकडं — काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. आपांनी त्याला सांगून पोरीला शाळेत बसवलं होतं. बोलायला तोंड उघडलं की तिचं पहिलं अक्षरच दातांत अडकायचं. प-प-प करत डोळे मिटायची, मान हलवायची. बाकीची मुलं निवांत थांबायची. आपांनी तशी सवयच लावली होती. मलाच दम निघायचा नाही. मी तिचा शब्द पुरा करून टाकायचे, आणि पुष्कळदा चुकीचा.

पण त्या पोरीनं जे केलं होतं ते शाळेत कुणी केलं नव्हतं. एका दोरीला हाताहातावर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि दर सोमवारी विहिरीत सोडून बघायला लागली, पाणी काठापासून किती गाठी खाली गेलं. दर सोमवारची एक निळी रेघ. पाणी जितकं खोल तितकी रेघ लांब. संक्रांतीपासून चैत्रापर्यंतचा तो मोठा कागद भिंतीवर लावला होता. नऊ गाठींपासून तेरा गाठींपर्यंत.

अशात कळलं, मोहतमीम साहेब येणार. म्हणजे सरकारकडून शाळा तपासणारे साहेब. खाजगी शाळांवर तेव्हा सरकारची नजर कडक. त्यांचा शेरा वाईट आला तर शाळा बंद, हे सगळ्यांना ठाऊक. आपा म्हणाल्या, मुलं आपलं काम आपणच दाखवतील. ज्यानं केलं त्यानं सांगायचं.

शेवंता पंधरा दिवस तयारी करत होती. एकदा मला म्हणाली — तुकडे तुकडे करत, पण खुशीत — “बाई, मी बैलाला रोज समदं म्हनून दाखवून राहिले.” बैलांपुढं तिची जीभ अडत नव्हती म्हणे.

आता येते मी मुद्द्यावर. येते — थांबा.

त्या सकाळी शेवंता तेल लावून, वेणी घालून, बापाच्या पटक्यातून काढलेल्या फडक्याची रिबीन बांधून आली होती. मी तिच्याकडं बघितलं आणि पुढचं सगळं मला दिसायला लागलं. ही प-प-प करणार, साहेब घड्याळ बघणार, सगळी शाळा मठ्ठ ठरणार. माझी नोकरी जाणार. खरं सांगू? शाळेचं मी नंतर जोडलं. आधी आठवली ती नोकरी.

आपा फाटकाशी होत्या. मी शेवंताला बाजूला घेतलं, तिची दोरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “आज पाणी मोजायचं राहिलंय. विहिरीवर जा. मी बोलावल्याशिवाय येऊ नको.”

“मी क-क-कधी सांगायचं?”

“नंतर.”

तिनं मान हलवली. उड्या मारत गेली.

मग मी वकिलाच्या कमलला बोलावलं. मराठी, उर्दू, दोन्ही फाडफाड. पंधरा मिनिटांत तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. झालं माझं काम.

साहेब आले. शेरवानी, गोंड्याची रूमी टोपी, पांढरी दाढी, आवाज मऊ. सगळ्या मुलांचं बघितलं, हसले, तुरटीचं पाणी पिऊनसुद्धा बघितलं. मग भिंतीपाशी आले. कमलनं एका दमात सांगितलं, कुठं अडली नाही. साहेबांनी मान डोलवली आणि एका रेघेवर बोट ठेवलं. बाकीच्या रेघा लांब लांब होत गेलेल्या आणि ही मधलीच आखूड.

“यहाँ पानी चढ गया. बारिश तो हुई नही. फिर कैसे?”

कमल माझ्याकडं बघायला लागली. मला कुठं ठाऊक होतं? ती रेघ मी कधी नीट बघितलीच नव्हती.

“बेटी, तुम नापे थे ना?”

कमल बिचारी खरं बोलणारी पोर. म्हणाली, “नाही जी. मी नुसतं पाठ केलंय.”

मागून दोन-तीन मुलं एकदम बोलली, हे शेवंताचं हाय, तिला विहिरीवर धाडलंय. आपांनी माझ्याकडं बघितलं. साहेबांनीही बघितलं. मग ते पायऱ्या उतरले आणि विहिरीकडं चालू लागले. त्यांच्यामागं सगळी शाळा. सगळ्यांत मागं मी.

लक्ष्मणानं मोट थांबवली. शेवंता काठावर बसून दोरीच्या गाठी बोटांनी मोजत होती. साहेबांनी विचारलं, ती मधली रेघ आखूड का? तिनं डोळे मिटले. ब-ब-ब सुरू झालं. मी पुढं व्हायला लागले, शब्द पुरा करायला — तर आपांनी माझा दंड धरला. साहेब उभेच. घाई नाही, काही नाही. पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते, तेवढाच आवाज.

“बैलाचा खांदा सुजला हुता,” ती अखेर म्हणाली. “तीन दिस मोट बंद. मंग इहिरीनं दम खाल्ला. पानी वर आलं.”

साहेबांनी ते दोनदा म्हणून बघितलं — विहिरीनं दम खाल्ला. मग तिला म्हणाले, मला दाखव. तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. साहेब मोजायला वाकले आणि त्यांची रूमी टोपी सुटून थेट पाण्यात गेली.

सगळे गार. लक्ष्मणाचा चेहरा तर पांढराफटक. शेवंता मात्र काठावरून वाकून बघत शांतपणे म्हणाली, “साहेब, तेरा गाठी खाली गेली.”

एक अक्षर अडलं नाही. साहेब असे हसायला लागले की त्यांना काठाचा दगड धरून बसावं लागलं. लक्ष्मणानं बैलांना हाक दिली, मोट खाली गेली, आणि चार झटक्यांत टोपी मोटेत बसून वर आली. शेवंतानं ती पिळली. पिळायची नसते ती, पण पिळली. साहेबांनी तशीच चिंबलेली हातात धरली आणि उघड्या डोक्यानं शाळेत परत आले.

शेऱ्याची वही पुढं आली. लिहायच्या आधी त्यांनी विचारलं — मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो — या मुलीला वर्गात न बसवता विहिरीवर पाठवायचं कुणाला सुचलं?

इथं मी खरं बोलू शकत होते. साहेब रागावले असते, आपा दुखावल्या असत्या, पण शेवंतानं शाळा तर वाचवलीच होती. आता कशाची भीती होती मला?

“जी, मला,” मी म्हणाले.

“क्यूँ?”

“मूल जिथं शिकतं तिथंच त्याला बघावं, म्हणून.”

किती सफाईनं आलं ते. आपांचेच शब्द, थोडे फिरवलेले. आणि कमलचं काय, असं कुणी विचारलंच नाही. ती घरी जाऊन रडली, हे मला तिच्या आईकडून कळलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी आगाऊपणानं पुढं झाली. मी वाटू दिलं.

साहेबांनी उर्दूत अर्धं पान लिहिलं. त्यातल्या तीन ओळी माझ्यावर होत्या. आपांच्या डोळ्यांत पाणी. पुढं त्या हैदराबादला परत गेल्या तेव्हा शाळा माझ्या हवाली करून गेल्या. म्हणाल्या, तू समजलीस तसं कुणीच समजलं नाही. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मी शिकवलं. बरं शिकवलं, असं लोक म्हणतात. अडखळणाऱ्या मुलाचा शब्द मी पुन्हा कधी पुरा केला नाही, तेवढं खरं. पण त्यानं ती सकाळ बदलते का? नाही बदलत.

आणि शेवंता? ती शिक्षिका झाली. लातूरला तिनं मोठी शाळा सांभाळली. अजूनही एखादं अक्षर अडतं तिचं, पण वर्ग थांबतो. तिच्या शाळेत रीतच आहे. तपासणीला कुणी आलं की अवघडणारं मूल वर्गात उभं करत नाहीत, ते ज्या जागी रमतं तिथं पाहुण्यांना नेतात. बागेत, गोठ्यात, हातमागावर. ही रीत माझ्या बाईंनी घालून दिली, असं ती सगळ्यांना सांगते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला तिनं मला लातूरला बोलावलं. शेजारी बसवलं. तिचे केस आता माझ्यासारखेच पांढरे. पुढं मुलं नाचत होती, ढोल मोठ्यानं वाजत होता. ती माझ्या कानाशी वाकली.

“बाई, त्या दिवशी मी लई भेले हुते. कुनालाच कळालं नव्हतं. तुमी वळखलं.”

मी म्हणाले, “हो.”

मी काही ओळखलं नव्हतं. मला तिची लाज वाटली होती, म्हणून मी तिला डोळ्यांआड केलं.