नव्यासारखा केलेला कॉम्प्युटर

गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर अडला की आमचा एक शेजारी न बोलावता हजर. आधी बशीतून चहा, मग माउस, आणि तोंडी एकच वाक्य: "बंद करून चालू केलं की झालं, लई सोपं हाय!" थांबणं त्याला ठाऊकच नाही.

माझ्याकडे जुना अँटिव्हायरस काढताना पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यावरच अडकली. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईना. तेव्हा मला न विचारता त्याने आतलं सगळं पुसलं आणि म्हणाला, "बघा काका, नव्यासारखा केला की!"

माझ्या दिवंगत बायकोने गायलेली बतुकम्मा या फुलांच्या सणाची तेलुगू गाणी त्यातच होती. दुसरीकडे कुठेही नव्हती.

लोकांनी विचारलं तेव्हा भांडण नको म्हणून मी बोललो, "कॉम्प्युटरच जुना होता." माझ्या त्या खोट्या बोलण्यावर तो भला माणूस म्हणून मिरवत राहिला.

काल शेजारच्या भाभींच्या घरातून त्याचं तेच वाक्य ऐकू आलं. संतापाने मी अनवाणीच गेलो आणि त्याला बंद करता येऊ नये म्हणून त्यांच्या भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला.

"काका, काय झालं?" तो हसला.

"भाभी, याला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका," मी म्हणालो. "माझा कॉम्प्युटर जुना नव्हता."