मावशीची ओटी

आमच्या महिला मंडळाला दर ऑगस्टमध्ये देशप्रेमाचा झटका येतो. सात रस्त्याजवळचा हॉल, माइक, चहा, हार हे सगळं माझ्याकडे असतं, कारण बाकीच्यांकडे उत्साह असतो. यंदाचा विषय होता युद्धकाळातल्या गुप्त वीरांगना. अध्यक्षबाईंनी मोबाइलवर बघून फ्रान्समधल्या हेर बायकांवर भाषण तयार केलं. मग कुणाला तरी आठवलं की माझी मावशी अजून जिवंत आहे.

बेचाळीस साली, तिकडे महायुद्ध पेटलेलं असताना, मावशी नवी नवरी होती आणि भूमिगतांची पत्रकं पोचवायची. ओटीतून. एका घरी हळदीकुंकवाला जायचं, तिथं तांदूळ-नारळाखाली पत्रकं पदरात घ्यायची आणि शिपायांसमोरून दुसऱ्या घरी. सवाष्णीच्या भरल्या ओटीला हात घालायची कुणा शिपायाची छाती नव्हती.

हे ऐकून अध्यक्षबाई इतक्या भारावल्या की पाहुण्यांचा सत्कार ओटी भरूनच करायचा ठरला. मावशीने मला दोनदा विचारलं, "माजी बी भरणार न्हवं?" काका गेल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. मी हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ताटं मांडली. अध्यक्षबाईंनी त्यातलं एक बाजूला सरकवलं. मावशींना चादर देऊ म्हणाल्या, त्या विधवा ना, उगाच कशाला. सत्कार ओटीबद्दलच आहे, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर, भाषणात उल्लेख करणारच आहे, असं त्यांनी मला समजावलं.

केला. रूढींच्या बेड्या तोडणाऱ्या स्त्रीशक्तीवर बराच वेळ बोलल्या. टाळ्या पडल्या. मग बाकीच्या पाहुण्यांच्या ओट्या भरल्या आणि मावशीच्या खांद्यावर चादर आली.

मावशीने चादर खुर्चीवर ठेवली, काठी टेकत अध्यक्षबाईंसमोर गेली आणि पदर पसरला.

"भर की, बाई. शिपाईसुदा आडवा आला न्हवता."

फोटोग्राफरने कॅमेरा उचलला. अध्यक्षबाईंनी ताटासाठी इकडेतिकडे पाहिलं. ते मी टेबलाखाली ठेवलं होतं. कार्यक्रमात सामान लांब नेऊन ठेवायचं नाही, हा माझा नियम. हातात दिलं. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी फार प्रेमाने ओटी भरली.

परतताना रिक्षात मावशी पदर घट्ट धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने नारळाखाली हात घालून चाचपलं.

"खाली काय न्हाय," ती म्हणाली. "नुसतं तांदूळच हायत की."