बाटलीतल्या पाण्यात मांगूर

आज सकाळी उमापूरजवळच्या आमच्या आटत आलेल्या तलावावर होतो. दर दुष्काळात आमची मच्छीमार सोसायटी उरलेले मासे पिंपांत भरून वरच्या गावच्या तलावात सोडते. तेवढंच बीज वाचतं. आजही पिंपं भरून टेम्पोत चढवली होती.

तेवढ्यात संशोधन करणाऱ्या मॅडमचा फोन आला. मासा पाण्यात आपल्या अंगाचा अंश सोडतो, त्यावरून त्याची जात कळते. त्यांनी मागे आमच्या तलावातून तपासायला नेलेल्या बाटलीभर पाण्यात मांगूर माशाचा अंश सापडला होता. बाहेरून आलेला, बंदी असलेला, बाकीचे मासे खाणारा.

"जाळ्यात येक बी घावला न्हाई, मंग बाटलीत कसा घावला?" आमचे चेअरमन सलीमचाचा म्हणाले. सगळे हसले.

"चाचा, पिंपातल्या पिल्लांतून मांगूरची पिल्लं वेगळी काढता येतील?" मी विचारलं.

चाचांनी पिंपात हात घातला. बराच वेळ ढवळत राहिले.

"न्हाई," म्हणाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गेवराईच्या बाजारात घे बे. इकून टाकू समदं."

बीज गेलं. पण मला दुसरंच सतावतंय. गेल्या दुष्काळात आम्ही असेच मासे वरच्या तलावात सोडले होते, आणि तेव्हा पाणी कुणी तपासलं नव्हतं. त्या गावाला हे कोणी सांगायचं?