पुतळाबाईची भिंत

भिंतीला कान असतात म्हणतात. नावड्याच्या पुतळाबाईच्या भिंतीला तर मोजपट्टीसुद्धा लाभली. शेजारी टॉवरचा पाया घालायला दांडग्या मशिनी आल्या, त्यांच्या धक्क्याने जुन्या घराला भेग पडली, आणि उगाच बोंबाबोंब नको म्हणून बिल्डरने भेगेवर काचेसारखी आखीव पट्टी चिकटवून घेतली. भेग रुंदावली की पट्टीवरची रेघ सरकायची. ती बघायला दर मंगळवारी ऐरोलीहून बिल्डरच्या ऑफिसातली सई यायची.

रेघ बघायला लागतो क्षणभर. पण पुतळाबाईकडून कुणी असं सुटतं का! चहा व्हायचा, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे यायची. सईही पाय पसरून बसायची, घरी तिच्या लग्नाचं काय चाललंय ते सांगायची. नवरा गेल्यापासून त्या घरात दुसरं कुणी पोटभर जेवलं नव्हतं. मुलगा हितेश बेलापूरच्या फ्लॅटमध्ये, त्याला आई आठवायची ती सणासुदीला. भेग जरा वाढली की पुतळाबाईला मनातून बरंच वाटायचं. घर खचेना का, पोरगी येते ना!

एका मंगळवारी सईने पट्टी काढून तिथे छोटासा डबा बसवला.

"हा सेन्सर, आजी. आता रीडिंग आपोआप ऑफिसात येणार. मला यायचं टेन्शनच नाही," ती खुशीत म्हणाली.

"मंग तू येनार नाय?"

"काही बिघडलं तरच."

पुढच्या मंगळवारी पुतळाबाईने सवयीने जास्तीची भाकरी थापली. ती तशीच वाळली. त्यानंतरच्या मंगळवारी तिने मुसळ उचललं आणि डब्याशेजारी दणकन हाणलं. पोपडे खाली आले. भिंत नवऱ्याने स्वतःच्या हातांनी उभी केलेली. तिला आपलीच लाज वाटली. तरी तिने केस विंचरले, चहाचं आधण ठेवलं आणि दारात जाऊन बसली.

आधण आटलं. मग फोन वाजला.

"आजी, भिंतीवर काही आपटलं का हो? इथे स्क्रीनवर मोठा ठोका दिसला."

पुतळाबाईचा जीव भांड्यात पडला. "मुसल लागला गो. तू येतंस ना?"

"छे हो, यायला कशाला हवं? भेग होती तेवढीच आहे. आपलं सहज विचारलं. भिंत ठीक आहे ना?"

पुतळाबाईने रिकाम्या घरावरून एकदा नजर फिरवली.

"हां पोरी," ती म्हणाली, "भिंत बरी हाय."