नोराबाईंचे साथीवाचूनचे गाणे

नोराबाई मॅकगिलन यांची माझी पहिली भेट नेदरलँड्समधल्या वाखनिंगन या विद्यापीठाच्या गावी, एका कॅफेच्या मागच्या खोलीत झाली. मी तेव्हा बटाट्यावरच्या करपा रोगावर पीएच.डी. करत होते. रविवारी दुपारी "आयरिश गाणं ऐकायला चल" म्हणत एका सहकाऱ्याने मला ओढून नेले. व्हायोलिन, ढोल, टाळ्या असे काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात करड्या स्वेटरमधल्या एक बाई खुर्चीवर बसल्या, त्यांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. ना पेटी, ना तंबोरा, ना ठेका. एक शब्द कळत नव्हता, तरी माझी कॉफी गार होऊन गेली.

गाणे संपल्यावर मी सरळ जाऊन विचारले, "यात ताल कुठे असतो?"

"श्वास संपतो तिथे," त्या म्हणाल्या. "आणि तू इथे काय करतेस?"

मी सांगितले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे आमची माणसं नेणाऱ्या रोगावर! माझ्या पणजीच्या आईची चार भावंडं आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात गेली. बटाटे जमिनीतच काळे पडले होते. त्यावरचं गाणं मी आयुष्यभर गातेय. मला सांग, तो रोग दिसतो कसा?"

मी मंचरकडची, बटाट्याच्याच पट्ट्यातली. पण हा प्रश्न मला आजवर कोणी इतक्या उत्सुकतेने विचारला नव्हता. पुढच्या आठवड्यात नोराबाई आमच्या प्रयोगशाळेत आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली करप्याच्या बारीक फांद्या आणि त्यांना लटकलेल्या लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या होत्या. बाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतकं नाजूक असेल असं वाटलं नव्हतं." तिथून आमचा स्नेह सुरू झाला आणि मी त्यांची शिष्या झाले. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, गळा यथातथाच असताना.

बाईंचा जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका मासेमाराच्या घरात झाला. घरात बोलणे आयरिश भाषेत. गाणी त्या शेजारच्या पेग नावाच्या विणकर बाईंकडून शिकल्या. पेगबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात, नोराने तिसऱ्या दिवशी ते म्हणून दाखवायचे; चुकले तर पुन्हा तीन दिवस थांबायचे. पुढे बाई नर्स झाल्या, बोटींची इंजिने दुरुस्त करायला आलेल्या हेंक या डच गृहस्थांशी त्यांनी लग्न केले आणि ब्रेडाजवळच्या एका गावात आल्या. तिथे त्या सायकलवरून घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करत. घराबाहेर अकरा वर्षे त्या गायल्या नाहीत. "समजणारं कोणी नव्हतं," असे त्या साधेपणाने सांगतात.

हे मौन सुटले ते एका वृद्ध रुग्णामुळे. स्मृती गेलेले ते गृहस्थ पायाची पट्टी बदलू देत नसत. एकदा वैतागून बाई स्वतःशीच गुणगुणू लागल्या आणि आजोबा शांत झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाय पुढे केला. त्यांचा मुलगा गावच्या चर्चमधल्या गायकवृंदात होता. त्याने बाईंना गायला बोलावले. त्यानंतर वाचनालये, गावोगावची चर्चे, पुढे बेल्जियम आणि जर्मनीतले मंच असा प्रवास झाला. तो नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशीच झाला, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी टिलबर्गच्या स्टुडिओत निर्मात्याने त्यांच्या नकळत गाण्याखाली गिटार भरली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "सुंदर वाजवलंय. पण मी कुठे थांबायचं ते आता त्यांनी ठरवलंय." त्यांनी ते सगळे काम सोडून दिले. दोन वर्षांनी एका रिकाम्या चॅपेलमध्ये नवे मुद्रण झाले. त्यात बाकाची करकर ऐकू येते. ती त्यांनी काढू दिली नाही.

त्यांच्या ममतेबद्दल लिहायचे तर मला माझ्या घरातलेच सांगावे लागेल. माझी मुलगी सई शाळेत जाऊ लागली आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देऊ लागली. कंटाळून मीही डचवर आले. एका शनिवारी शिकवणी थांबवून बाईंनी विचारले, "तू लेकीशी तुझ्या भाषेत का बोलत नाहीस?"

"ती उत्तरच देत नाही मराठीत."

"न देऊ दे. तू बोल." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "माझी मरायके लहान असताना मला एका नर्सने सांगितलं, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होईल. मी स्वतः नर्स, मी ऐकलं. त्या दिवसापासून घरात आयरिश बंद. आज मी गाते तेव्हा माझी लेक पहिल्या रांगेत बसते आणि तिला एक ओळ कळत नाही. हे मी केलंय, मी."

त्यांचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. घरी जाऊन मी सईला मराठीत हाक मारली.

सहा वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण वरचे सूर गेले. आता पुरे, असे त्यांनी ठरवले होते. ब्रेडातला आधी कबूल केलेला एक कार्यक्रम तेवढा करायचा होता. तिथे दुष्काळाच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यावर आवाज तुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटला. आम्ही शिष्य घाबरून एकमेकांकडे पाहू लागलो. बाई डचमध्ये म्हणाल्या, "आवाज इथवरच येतोय. उरलेलं मी बोलून दाखवते." आणि त्यांनी उरलेली कडवी आयरिशमध्ये, सावकाश म्हटली. प्रत्येक ओळीनंतर तिचा डच अर्थ सांगितला.

परतताना गाडी मरायकेताई चालवत होत्या, मी मागे बसले होते. ब्रेडा मागे पडले. मग रस्त्यावरची नजर न काढता मरायकेताईंनी विचारले, "आई, मघाच्या गाण्यात आईच्या एप्रनची ओळ आहे ना, ती तुझ्या भाषेत परत म्हण."

बाईंनी म्हटली.

"हळू. एकेक शब्द."

घर येईपर्यंत आई-लेकीची ती एकच ओळ चालली होती. पंचेचाळीस वर्षांच्या मरायकेताईंचे उच्चार चुकत होते आणि बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या थकल्या होत्या, पण आवाजात थकवा नव्हता.

गाणे थांबवण्याचा विषय नंतर निघाला नाही. बाईंनी सगळी गाणी चार सूर खाली आणली. काही गाणी तिथे अधिक खोल वाटतात, असे माझे मत. बाईंना ते मान्य नाही. मरायकेताई आता दर बुधवारी शिकतात आणि त्यांची आतापर्यंत नऊ गाणी पाठ झाली आहेत. बाईंना दोनशेच्या वर येतात.

नोराबाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे सायकलला साथ देत राहोत, गळा जपला जावो, आणि नव्या माणसाला पाहून "तू काय करतेस?" विचारण्याची त्यांची हौस अशीच ताजी राहो. बुधवारचा हिशेब पाहता सगळी गाणी लेकीला शिकवायला त्यांना अजून पुष्कळ वर्षे लागणार आहेत. ती त्यांना निरोगी आणि आनंदात मिळोत, हीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.